सेल बदलायच्या आधी

गेम बॉय, म्हणजे निंटेंडोचा हातात धरून खेळायचा कन्सोल, त्याच्या कॅसेटमध्ये सेव्ह केलेला गेम कुठे कोरून ठेवलेला नसतो, तो सतत धरून ठेवलेला असतो. आत रॅमची एक छोटी चिप असते आणि तिच्या शेजारी तीन व्होल्टचा बटन सेल. कन्सोल बंद केला, कॅसेट ड्रॉवरमध्ये टाकली, घर बदललं, देश बदलला, तरी तो सेल त्या चिपला रात्रंदिवस थेंबथेंब वीज पाजत राहतो. देव्हाऱ्यातल्या नंदादीपासारखंच. तेल आहे तोवर ज्योत, आणि तेल संपल्यावर ज्योत गेली कुठे हे विचारण्यात अर्थ नाही. त्यामुळे कुणी ‘सेव्ह होत नाहीये, बघ ना जरा’ म्हणत जुनी कॅसेट हातात ठेवली, की बहुतेक वेळा बिघाड असा नसतोच. वय झालेलं असतं.

हा उद्योग मी सुट्टीच्या दिवशी करतो, पुण्यात, जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून. कॅसेटी येतात त्या बहुतेक परदेशात वाढलेल्या नातेवाइकांच्या आणि त्यांच्या मित्रांच्या. ते साहजिकच आहे. आमच्या पिढीला इथे गेम बॉय फारसा मिळालाच नाही. आमच्याकडे टीव्हीला जोडायचा तो नकली व्हिडिओ गेम होता, त्यावर ‘९९९९ इन १’ लिहिलेली पिवळी कॅसेट, आणि त्या नऊ हजार नऊशे नव्व्याण्णवांत खरे गेम मोजून वीस-पंचवीस. सेव्ह नावाची भानगडच नाही. शेवटच्या लेव्हलला पोचलं आणि आईने जेवायला हाक मारली, की पॉज करायचं, टीव्ही बंद करायचा आणि कन्सोल तसाच चालू ठेवायचा. अडॅप्टर तापून वास यायला लागायचा. ती आमची सेव्हची पद्धत. तत्त्व म्हणाल तर सेलवाल्या कॅसेटचंच, फक्त विजेचं बिल बाबांच्या नावावर.

जपानमध्येही सेव्हचं हे सुख पहिल्या दिवसापासून नव्हतं. १९८६ मध्ये ‘ड्रॅगन क्वेस्ट’ हा टीव्हीवर खेळायचा गेम आला तेव्हा खेळ थांबवताना पडद्यावर हिरागाना लिपीतली २० अक्षरं यायची. ती वहीत उतरवायची आणि पुढच्या वेळी जशीच्या तशी भरायची. पुढच्या वर्षी दुसरा भाग आला आणि अक्षरं ५२ पर्यंत गेली. एक अक्षर चुकलं तर सगळं मुसळ केरात. त्यामानाने १९८८ मध्ये तिसऱ्या भागाच्या कॅसेटमध्ये सेल आला तेव्हा पोरांना हायसं वाटलं असणार. पण सेव्ह उडाला की तोच गेम एक अभद्र सूर वाजवून ‘क्षमस्व, नोंद पुसली गेली’ अशा अर्थाचा निरोप द्यायचा. तो सूर ऐकून अंगावर काटा येतो असं सांगणारे जपानी लोक आज पन्नाशीच्या आसपास आहेत. वहीतली ५२ अक्षरं कंटाळवाणी होती खरी, पण ती आजही वाचता येतात. ती वही आणि सेल यांत मला निवडायला सांगितलं तर मी सेलच निवडेन, पण थोडा विचार करून.

१९८९ मध्ये गेम बॉय आला. त्याच्याबरोबर जगभर गेलेल्या टेट्रिसच्या कॅसेटमध्ये सेल नव्हता. कन्सोल बंद केला की हायस्कोअरही गेला. कुणाचं काही बिघडलं नाही. खरा गुंता झाला तो १९९६ च्या फेब्रुवारीत जपानमध्ये पोकेमॉनचे पहिले दोन गेम निघाले तेव्हा. प्राणी पकडा, त्यांना नावं द्या, वाढवा, मित्राच्या कॅसेटशी वायर जोडून अदलाबदल करा. म्हणजे महिनोन्‌महिने खपून उभं केलेलं सगळं ३२ किलोबाइटच्या एका चिपमध्ये, आणि ती चिप त्या एका सेलच्या भरवशावर.

हिशेब करून पाहू. सीआर२०२५ हा सेल २० मिमी व्यासाचा आणि २.५ मिमी जाडीचा असतो, त्याच्या नावातच ते आहे. त्यात साधारण १६० मिलिअँपिअर-तास वीज मावते. नुसतीच पडून असलेली रॅम एखादा मायक्रोअँपिअर खात असेल असं धरलं, तर १,६०,००० तास, म्हणजे १८ वर्षं. चिप काटकसरी निघाली तर त्याहूनही जास्त. एका खेळण्यासाठी हे पुष्कळ झालं. कंपनीने फसवलं असं मला कधीच वाटलं नाही. ही खेळणी इतकी वर्षं कुणी जपेल असा विचारच तेव्हा कुणी केला नसावा.

गंमत पुढे आहे. १९९९ मध्ये जपानमध्ये आणि २००० मध्ये अमेरिकेत पोकेमॉनचे ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ आले. ते नंतरचे, पण त्यांचे सेल आधीच्या ‘रेड’-‘ब्लू’च्या आधी मान टाकायला लागले. कारण या नव्या गेममध्ये दिवस-रात्र होती. खऱ्या जगात रात्र झाली की गेममध्येही रात्र, आणि काही प्राणी फक्त रात्रीच दिसणार. त्यासाठी कॅसेटमध्ये घड्याळ बसवलं: सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा क्वार्ट्झ, ती संख्या पंधरा वेळा निम्मी केली की नेमका एक ठोका मिळतो. मनगटावरच्या क्वार्ट्झ घड्याळात असतो तोच. हे घड्याळही त्याच सेलवर चालायचं. आधी सेलला फक्त धरून ठेवायचं काम होतं, आता बारा महिने तेरा काळ मोजायचंही आलं. कॅसेट कपाटात असली, खेळणारा पोरगा कॉलेजला गेला, तरी आत सेकंद मोजणं चालूच.

कॅसेट उघडायला पेचकसाचा ३.८ मिमीचा खास बिट लागतो. आतला बोर्ड बिस्किटाएवढा. एक मोठी चिप गेमची, एक रॅम, एक या दोघांमध्ये मध्यस्थी करणारी कंट्रोलर, आणि कोपऱ्यात आठ पायांची एक छोटी चिप, जिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. माझी सगळ्यांत आवडती तीच. कन्सोलकडून येणारी वीज ती सतत तपासत असते. वीज पडायला लागली की क्षणात रॅमला सेलकडे वळवते आणि त्याच वेळी रॅमचं दार बंद करते. कारण वीज जाता जाता प्रोसेसर भरकटतो आणि वाटेल तिथे वाटेल ते लिहू शकतो. शिवाय गेम लिहिणाऱ्यांनीही आपल्या बाजूने कडी घातलेली असते: रॅममध्ये लिहायचं तर आधी कंट्रोलरला एक ठरावीक आकडा पाठवून कुलूप उघडायचं, लिहायचं, लगेच परत लावायचं. ‘सेव्ह होत असताना बंद करू नका’ ही पाटी त्या कुलूप उघडं असलेल्या क्षणासाठी असते. इतकी काळजी घेतलेली पाहिली की या बोर्डाला घाईघाईने हात लावावासा वाटत नाही.

घाई करणारे मात्र खूप. नेटवर कुणीतरी कधीतरी सांगून ठेवलंय की सोल्डरिंग येत नसेल तर जुन्या सेलच्या पट्ट्या उचकटा, नवा सेल मध्ये सरकवा आणि वरून काळी इन्सुलेशन टेप गुंडाळा. अशा कॅसेटी माझ्याकडे येतात. टेपचा डिंक उन्हाळ्यात पाघळलेला असतो, सेल तिरका झालेला असतो, मल्टिमीटरला तीन व्होल्ट छान दिसतात आणि बोर्ड टेबलावर जरा आपटला की शून्य. एवढा वेळ शून्य मिळालं तरी रॅमला पुरतं. मग मालक सांगतात, ‘दुरुस्त करून घेतली होती हो, तरी अधूनमधून उडतो.’ उडणारच. दुसरी तऱ्हा म्हणजे थेट सेलच्या अंगावर सोल्डर मारणारे शूरवीर. लिथियमच्या सेलला तशी आच दिली तर तो आतून खलास होतो, फुगतो, क्वचित फुटतोही. पट्ट्या कारखान्यातच स्पॉट वेल्ड केलेला सेल घ्यावा आणि फक्त पट्टीचं टोक बोर्डाला झाळावं, हा एकच रस्ता. पण आमच्याकडे पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत साधे सेल हवे तेवढे मिळतात. ‘पट्टीवाला द्या’ म्हटलं की काउंटरवरचे काका चष्म्यावरून बघतात. मी ते बाहेरून मागवतो.

काम खरं तर दहा मिनिटांचं आहे. फ्लक्स लावा, जुन्या सोल्डरमध्ये थोडं नवं मिसळा म्हणजे ते लवकर वितळतं, पट्टी हलकेच उचला, भोक किंवा पॅड साफ करा, बोर्डावरची अधिक-उणेची खूण दोनदा बघा, नवा सेल ठेवा, डाग द्या. अवघड काहीच नाही. अडचण एवढीच, की जुना सेल उचलला त्या क्षणी आत जे काही होतं ते गेलं. दुरुस्ती म्हणून आपण जे करतो त्यानेच ते पुसलं जातं. ज्याला पुढे खेळायचंय त्याला याचं काही नसतं. ज्याला मागचं हवंय त्याला हीच दुरुस्ती महागात पडते. आणि हातात कॅसेट ठेवताना माणूस या दोन्हींतलं काय म्हणतोय हे बऱ्याचदा त्यालाही माहीत नसतं. म्हणून मी पेचकस उचलायच्या आधी विचारतो: तुला गेम हवाय की सेव्ह?

निखिलला सेव्ह हवा होता. निखिल माझा आतेभाऊ, न्यू जर्सीत एडिसनला लहानाचा मोठा झालेला, मराठी उत्तम, फक्त ‘ळ’ जरा घसरतो. गेल्या डिसेंबरात आत्याबरोबर आला तेव्हा सॉक्समध्ये गुंडाळून ‘गोल्ड’ची कॅसेट घेऊन आला होता.

“दादा, माझा फर्स्ट गेम आहे. सेव्ह जाऊ देऊ नकोस.”

“चालू करून पाहिलीस का इतक्यात?”

“नाही. भीती वाटली.”

शहाणा मुलगा. वर्षानुवर्षांच्या मळलेल्या पिना तशाच कन्सोलमध्ये घातल्या तर कुठलातरी संपर्क अर्धवट बसतो, प्रोसेसर बरळतो आणि नेमका नको तिथे लिहितो. आधी पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या. कापूस काळा झाला. मग कॅसेट उघडून सेलवर मीटर लावला. २.७ व्होल्ट. माझाच विश्वास बसेना. असल्या रॅमला जेमतेम दोन व्होल्ट मिळाले तरी ती धरून ठेवते, म्हणजे आत काहीतरी नक्की शाबूत होतं. इतक्या वर्षांचे काही सेल असे तग धरून बसलेले असतात, का ते विचारू नये.

कॅसेट वाचायची यंत्रं आता सहज मिळतात. मी वापरतो ते जीबीएक्सकार्ट, यूएसबीला जोडायचं, तळहाताएवढं. ३२ किलोबाइट वाचायला काही क्षण लागतात. मी दोनदा वाचतो आणि दोन्ही फाइली ताडून बघतो; एक जरी बाइट वेगळा आला तरी पिना पुन्हा पुसायच्या. दोन्ही तंतोतंत जुळल्या. मग ती फाइल हेक्समध्ये, म्हणजे ० ते ९ च्या पुढे ए ते एफ धरून सोळा आकड्यांनी मोजायच्या पद्धतीत, उघडून खेळाडूचं नाव असतं तिथे गेलो. हे मला दरवेळी करायला आवडतं. या गेमची अक्षरांची स्वतःची बाराखडी आहे: ८० म्हणजे ए, ८१ म्हणजे बी, असं ओळीने, आणि ५० आलं की नाव संपलं. निखिल खुर्ची ओढून शेजारी बसला होता. मी वाचत गेलो: ८सी, ९१, ९४, ८डी, ८०, ८बी, ५०. त्याने बोटांवर मोजायला सुरुवात केली. एन हवा होता, म्हणजे ८डी. पहिलंच अक्षर ८सी. एम.

एम, आर, यू, एन, ए, एल.

“हे ताईचं आहे,” तो म्हणाला.

या कॅसेटमध्ये सेव्हची जागा एकच. नवा गेम सुरू करून सेव्ह केला की आधीचा गेला, मग तो कुणाचाही असो. भावंडांच्या घरात या एका गोष्टीवरून काय काय झालं असेल ते अमेरिकेतही तेच आणि जपानमध्येही तेच. निखिलने तिथल्या तिथे मृणालला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. तिकडे रात्र होती तरी उत्तर लगेच आलं, आवाजी: “तू समर कॅम्पला गेला होतास ना, तेव्हा मी स्टार्ट केला. पण तुझा आधीच उडालेला होता हं, मी नाही उडवला.” स्वयंपाकघरातून आत्या म्हणाली, “रात्री पांघरुणात टॉर्च घेऊन खेळायची, मला माहितीये.” टॉर्च घ्यावाच लागायचा, त्या पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता.

निखिलने माझ्याकडे पाहिलं. “असा आपोआप उडतो का, दादा?”

आता काय सांगणार? सेल जिवंत होता, त्यामुळे सेलची साक्ष तर मृणालच्या विरुद्धच होती. पण मळकी पीनही सेव्ह उडवते, आणि कॅसेटमध्ये तोंडाने फुंकर मारायची सवय असली तर थुंकीने पिना गंजतातही. गेम सेव्हच्या आकड्यांची बेरीज जपून ठेवतो, उघडताना पुन्हा बेरीज करतो आणि जुळली नाही तर सेव्ह नाकारतो. ‘गोल्ड’मध्ये तर राखीव प्रतही असते. ती असूनही जातो? जातो कधीकधी. मी तेवढंच सांगितलं. मृणालला संशयाचा फायदा दिला.

“मग आता काय करू? ठेवायचा का पुसायचा?” मी विचारलं.

“पुसायचा कशाला? ठेव.”

सेल बदलला, फाइल परत चिपमध्ये भरली, पुन्हा वाचून ताडून पाहिली. कन्सोलमध्ये घातल्यावर मृणालची माणसं, प्राणी, पैसे सगळं जागच्या जागी. तिच्या एका कासवाचं नाव ‘कांदा’ होतं.

फेरोइलेक्ट्रिक रॅम लाव, म्हणजे सेलची कटकटच नको, असं मला बरेच जण सुचवतात. ती चिप चांगली आहे यात शंका नाही. तिच्यात अणू जागेवरून किंचित सरकतो आणि तिथेच राहतो, वीज नसली तरी; दशकानुदशकं काही करावं लागत नाही. पण ‘गोल्ड’मध्ये घड्याळ आहे आणि घड्याळाला सेल लागतोच, मग निम्मी कटकट राहिलीच. शिवाय जुनी रॅम उपटून नवी बसवायची म्हणजे वीस-तीस पाय उचलायचे, आणि त्या काळच्या बोर्डांवरचं तांबं पातळ. एखादा पॅड सोलून निघाला की तारा ओढत बसा. ज्या कॅसेटमध्ये घड्याळ नाही आणि मालकाला ती पुन्हा कधीच उघडायची नाहीये, तिथे मी ती चिप लावतो. बाकी ठिकाणी सेल. दर पंधराएक वर्षांनी कुणीतरी कॅसेट उघडावी, पिना पुसाव्यात, सेव्हची प्रत काढावी, हे मला जाचक वाटत नाही. स्वस्तात दिलेल्या नकली कॅसेटींचं मात्र काही करता येत नाही. त्यांत अनेकदा सेलच नसतो आणि सेव्ह ज्या चिपमध्ये ढकललेला असतो ती मनाला येईल तेव्हा दगा देते. त्या मी परत करतो.

राहिलं घड्याळ. सेल काढताच ते अडखळलं होतं. भरदुपारी गेममध्ये काळोख. वेळ बदलायची सोय गेममध्ये लपवून ठेवली आहे: सुरुवातीच्या पडद्यावर ठरावीक बटणं एकत्र दाबायची, मग तो पासवर्ड मागतो. आणि तो पासवर्ड निघतो खेळाडूचं नाव, त्याचा ओळख क्रमांक आणि खिशातले पैसे या तिन्हींवरून. हिशेब करणारी साधनं आहेत, त्यात आकडे भरले की झालं. निखिलने एमआरयूएनएएल टाइप केलं, तोंड वाकडं करून.

“दादा, टाइम कुठला लावू? इथला का घरचा?”

“कॅसेट कुठे राहणार आहे?”

“ताई मागतेय.”

ताई सिअ‍ॅटलला असते. त्याने तिथली वेळ लावली, वार विचारून घेतला. मग सॉक्समधून आणखी एक कॅसेट काढली, निळी, गेम बॉय अ‍ॅडव्हान्सची ‘सफायर’. चालू केली की ‘आतला सेल संपला आहे’ असा निरोप येतो म्हणाला. हीसुद्धा उडेल का? तिला काही होणार नाही म्हटलं. तिच्यात सेव्ह फ्लॅश मेमरीत, म्हणजे विजेशिवाय टिकणाऱ्या चिपमध्ये असतो, सेल फक्त घड्याळापुरता. उलट नवा सेल टाकला तर घड्याळ पहिल्यापासून सुरू होईल, सेव्हमध्ये मात्र शेवटची तारीख पुढची राहील, आणि गेमला तिथपर्यंत पोचायला तेवढीच वर्षं लागतील. तोवर लावलेली झाडं वाढणार नाहीत. तारीख जुळवून घ्यायचे उपाय आहेत, पण त्यांना संध्याकाळ पुरायची नाही.

“कुणाचा सेव्ह आहे यात?” मी विचारलं.

“माझा,” तो म्हणाला, आणि लगेच कन्सोल चालू करून नाव पाहून घेतलं.